प्रतिवादी क्रमांक तीन यांस

तुमचं नाव मला नीट वाचता येत नाही,
म्हणून दाव्यातलंच लिहितो : प्रतिवादी क्रमांक तीन.
मी वादी. लुमाण्णा परशराम सुळगेकर,
वय बासष्ट, धंदा पॅटर्न आणि ओतकाम,
राहणार कंग्राळी, शेड उद्यमबागेत.
येणं बाकी : एक्केचाळीस लाख, व्याज सोडून.

समन्स तुमच्याकडे तीनदा गेलं.
एकदा तुमच्या भाषेत नाही म्हणून परत,
एकदा मजला चुकला म्हणून.
तिसऱ्यांदा शेरा आला :
या पत्त्यावर चारशे कंपन्या आहेत, आपल्याला कोणती हवी?
एका टपालपेटीत चारशे.
आमच्या गल्लीत तेवढे उंबरे नाहीत.

प्रतिवादी एक इथंच होता की, दोन शेड पलीकडं.
बेलीफ नागप्पा गेला, कुलूप बघितलं,
‘इल्ला री’ म्हणाला, दारावर कागद चिकटवून आला.
काचेतून दिसत होती दोन टेबलं
आणि भिंतीवर एक घड्याळ, साडेतीन तास मागं.
बिघडलेलं नव्हतं.
तुमच्या गावची वेळ दाखवत होतं.

प्रतिवादी दोन कुठल्याशा बेटावर असतो.
त्याच्याविषयी आमच्या वकीलबाईही हळू बोलतात.

तुमचे वकील बेंगळूरहून विमानानं येतात.
पहिल्या तारखेला उभे राहून म्हणाले :
आम्ही इथं हजर आहोत ते फक्त
आम्ही इथं नाही, एवढं सांगण्यापुरते.
मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं.
साहेब हसले नाहीत. लिहून घेतलं.

हद्दीचं आम्हाला नका शिकवू.
माझी वही मराठीत, दावा इंग्रजीत, पुकारा कानडीत.
माझा आज्जा एका सकाळी जागचा न हलता
दुसऱ्या राज्यात गेला;
विहीर तीच, म्हैस तीच, उताऱ्यावरची लिपी तेवढी बदलली.
आमच्याकडं माणूस बसून असतो आणि हद्द चालत येते.
तुम्ही मात्र जगभर चालता,
आणि हद्द लागली की कुठंच नसता.

मग तो कोण होता?
उंच, मानेवर घामोळं, हेल्मेट स्वतःचं घेऊन येणारा.
अकरा वेळा आला.
लोखंड ओतताना बघत राहिला
आणि हातातला चहा गार झाला, तो.
नापसंत हाउसिंगवर पिवळ्या खडूनं फुली मारायचा,
फुलीखाली सही.
प्रतिवादी एकचा मॅनेजर शेजारी उभा असायचा,
खडूचा डबा धरून.
ते सहा नग मी वितळवले नाहीत.
खडूसकट ठेवलेत. निशाणी अठ्ठेचाळीस.

कंपनीचा पडदा, वकीलबाई सांगतात, सहजी फाटत नसतो.
मी म्हटलं, फाडायचाय कुणाला?
आम्ही नग फोडून बघत नाही, बाई.
साखळीला टांगायचा, हातोडीनं अलगद मारायचं.
भरीव असला तर घंटेसारखा बोलतो.
आत फुगा राहिला असला तर खोकतो.
नागप्पानं त्या दारावर थाप मारली
तेव्हा मी पायरीवर होतो.
आवाज ऐकलाय मी.

सोमवारी पहिला मुद्दा होता : या कोर्टाला अधिकार आहे काय?
मी सागवानी साचा पोत्यात गुंडाळून नेला होता.
साहेबांनी तो उलटापालटा केला, कानडीत विचारलं,
मालात हा राहतो कुठं?
राहत नाही साहेब. वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा.
मागं उरते ती पोकळी.
तिला नाव देता येतं, नंबर देता येतो,
वस्तू व्हायची तर मात्र वरून कुणीतरी ओतावं लागतं.

‘ओतत कोण होतं?’
हे त्यांनी मला नाही विचारलं.
तुमचे वकील कागद चाळायला लागले,
बराच वेळ चाळत राहिले,
पंख्यानं त्यातला एक खाली पाडला, तो मीच उचलून दिला.

पुढची तारीख एकोणीस.
सकाळी अकरा,
इथल्या घड्याळाप्रमाणं.